अर्धशक्ती : चाळिशीनंतर पुन्हा धावू लागताना

व्यायामाचा उपदेश हा आपल्या व्यवसायातील सर्वांत स्वस्त उपदेश आहे. औषधाच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ म्हणून तो लिहिला जातो, रुग्णही ‘हो’ म्हणून उठतो, आणि तो पाळला जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. भोरमध्ये आम्ही गेली एकोणीस वर्षे ही ओळ लिहीत आलो आहोत. त्यांपैकी सुमारे पंधरा वर्षे आम्ही स्वतः कोणताही व्यायाम केलेला नव्हता, ही कबुली प्रारंभीच दिलेली बरी. पुढील मजकूर उपदेशकाचा नसून, स्वतःचाच उपदेश अंगावर शेकलेल्या माणसाचा आहे.

महाविद्यालयात असताना आम्ही धावत असू. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पाच हजार मीटरच्या शर्यतीत आमचे नाव असे. पदक एकदाच मिळाले आणि ते आजही आईच्या कपाटात आहे. पुढे आंतरवासिता, दवाखाना, विवाह, दोन अपत्ये. सकाळी नऊ ते एक आणि सायंकाळी पाच ते नऊ रुग्ण, मधल्या वेळात खेडोपाडीच्या व्हिजिटा. धावणे कधी सुटले तो दिवस सांगता येणार नाही. धावण्याचे बूट मुलीने शाळेच्या नाटकासाठी नेले होते आणि ते परत आलेच नाहीत, हे आम्हांस दोन वर्षांनी कळले, यावरून काय ते समजावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दवाखान्यात रक्तदाब मोजण्याचे नवे यंत्र आणले. ते नीट चालते का हे पाहण्यासाठी आमच्या परिचारिकेने पट्टा आमच्याच दंडाला बांधला. आकडा आला १४८/९४. यंत्र सदोष असावे, असे आम्ही तत्काळ जाहीर केले व जुने यंत्र काढावयास लावले. त्यानेही जवळपास तेच सांगितले. आमच्या वडिलांना चौपन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला, पुढील नऊ वर्षे त्यांनी उजवा हात न वापरता काढली. त्या दिवशी आम्ही चव्वेचाळीस वर्षांचे होतो. संध्याकाळच्या रुग्णांना तपासताना मनात एकच वजाबाकी चालू होती.

परिणाम असा झाला की पुढच्याच रविवारी नवे बूट घालून आम्ही भाटघर धरणाच्या रस्त्याने धावत सुटलो. डोक्यात महाविद्यालयातील गती होती. पहिले तीन किलोमीटर विलक्षण सुखाचे गेले. थंडी होती, नदीवर धुके होते, आणि आपण उगाचच इतकी वर्षे घालवली असे वाटत होते. चौथ्या किलोमीटरात डाव्या पोटरीवर मागून कोणीतरी दगड मारावा तशी कळ आली. आम्ही खरोखरच मागे वळून पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते. घरी परतलो ते एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून, त्याच्या दोन किटल्यांच्या मध्ये बसून.

येथे वैद्य म्हणूनही एक चूक झाली, ती नोंदवतो. त्याच संध्याकाळी आम्ही पोटरीवर तेल लावून जोरकस मर्दन व वर नाडीस्वेद करवून घेतला. स्नायूचे तंतू ताजे फाटलेले असताना, आत रक्तस्राव चालू असताना मर्दन आणि उष्ण स्वेद करू नये, सद्यःक्षतात प्रथम शीत उपचार करावेत, हे आपण विद्यार्थ्यांनाही सांगतो. दुसऱ्या दिवशी पोटरी घोट्यापर्यंत काळीनिळी झाली. सहा आठवडे लंगडत दवाखाना केला. प्रत्येक रुग्णाने कारण विचारले, आणि प्रत्येकाला आम्ही पायरी चुकल्याचे सांगितले.

सक्तीच्या त्या विश्रांतीत आम्ही चरकसंहितेतील न-वेगान्धारणीय अध्याय पुन्हा वाचला. व्यायामाचे वर्णन येथे आहे हे आपण सारे जाणतो. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषक्षय, अग्निवृद्धी ही फळे परीक्षेसाठी प्रत्येकाने पाठ केलेली असतात. अतिव्यायामाची फळेही त्याच दमात येतात, पण ती आपण रुग्णास क्वचितच सांगतो. शोषाच्या चार कारणांत पहिले कारण साहस हे आहे. क्षतक्षीणाच्या हेतूंत तर शक्तीबाहेर ओझे उचलणे, दूर अंतर वेगाने जाणे, मोठी नदी पोहून जाणे यांच्या जोडीला घोड्यांबरोबर धावणे हाही एक हेतू सांगितला आहे. आम्ही घोड्यांबरोबर धावलो नव्हतो. पण पंचविशीतल्या स्वतःबरोबर धावलो होतो, आणि परिणामात फारसा फरक पडला नाही. वाग्भटाने अतिव्यायाम, जागरण, अध्व इत्यादींचे अतिसेवन करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. त्या उपमेतील मर्म असे की सिंह दुबळा नसतो. बलवानाचाच घात तेथे सांगितला आहे, आणि पूर्वी बलवान असलेल्याचा तर त्याहून अधिक होतो.

कारण शरीरातील सर्व भाव एकाच गतीने परत येत नाहीत. पुन्हा धावू लागलेल्या माणसाचा दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूंना थोडा अधिक काळ लागतो. कंडरा आणि अस्थी यांना नवा भार पेलण्यास महिने लागतात. अस्थीत जुने झिजून नवे घडण्याचे एक आवर्तनच तीन-चार महिन्यांचे असते. त्यामुळे दम ‘अजून जमेल’ म्हणतो तेव्हा नडगी आणि टाच अद्याप तयार नसतात. पूर्वी धावलेल्या माणसाला हा धोका नवशिक्यापेक्षा जास्त असतो, असे आमचे मत झाले आहे. नवशिक्याला आपली मर्यादा ठाऊक नसते. याला आपली ठाऊक आहे असे वाटते, आणि ती वीस वर्षांपूर्वीची असते.

या भागात या भ्रमाला इतिहासाचीही जोड मिळते. १६६० च्या जुलैमध्ये शिवछत्रपतींबरोबर पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात रात्रीतून निघालेली बांदलांची माणसे आमच्याच हिरडस मावळातली. बाजीप्रभू देशपांडे भोरजवळच्या शिंद गावचे. तेव्हा ‘आपण मावळे, पळणे रक्तातच आहे’ हे वाक्य येथे वारंवार ऐकू येते. अलीकडे साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन (२०१२ पासून) आणि सिंहगड, राजगड, तोरणा असा डोंगरवाटांनी होणारा अल्ट्रा धावण्याचा उपक्रम यांमुळे तरुण नोकरदारांत उत्साह आहे. पुण्याचे आशिष कासोदेकर २०२१-२२ च्या हिवाळ्यात ६० दिवस रोज एक मॅरेथॉन धावले, त्या बातमीचे कात्रण घेऊन एक रुग्ण आमच्याकडे आला होता. या साऱ्याचा आम्हांस अभिमानच आहे. मात्र त्या मावळ्यांना डोंगर चढणे-उतरणे बालपणापासून ओकसात्म्य झालेले होते, आणि कात्रणात साठ दिवस दिसतात, त्यामागची कित्येक वर्षे दिसत नाहीत. दहा वर्षे खुर्चीत बसलेल्याचे ओकसात्म्य खुर्ची हेच असते. रक्ताचा येथे संबंध नाही.

मग मात्रा कशी ठरवावी? उत्तर आपल्या ग्रंथांत आहे व ते एका शब्दाचे आहे : अर्धशक्ती. पण ही अर्धी शक्ती कशाची अर्धी, हा प्रश्न आम्ही इतकी वर्षे स्वतःला विचारलाच नव्हता. सुश्रुताने वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार पाहून व्यायाम करावा असे म्हटले आहे. म्हणजे शक्ती ही ठेवीसारखी पडून असलेली वस्तू नव्हे, ती रोज नव्याने मोजावयाची आहे. रात्री दोन वाजता उठून बाळंतिणीच्या घरी जाऊन आलेल्या वैद्याची सकाळची शक्ती आणि त्याच वैद्याची रविवारची शक्ती एक नसते. तापलेल्या मुलाच्या उशाशी जागलेल्या आईबापांनी दुसऱ्या दिवशी ‘नियम मोडू नये’ म्हणून धावणे, हे आमच्या मते अर्धशक्तीच्या सूत्राचेच उल्लंघन आहे.

मोजमापही ग्रंथकारांनी दिले आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की बलार्ध झाले. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम आणि तोंडाला कोरड, हीही लक्षणे सांगितली जातात. आमचा अनुभव असा की हेमंतात पहाटे भोरमध्ये घामाची वाट पाहत राहिल्यास बलार्ध केव्हाच उलटून जाते. थंडीत श्वासाचे लक्षणच अधिक विश्वसनीय. आधुनिक व्यायामशास्त्रात ‘धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे’ अशी जी साधी कसोटी वापरतात, ती याच लक्षणाची शेजारीण म्हणावी. नाकाने श्वास आणि सलग वाक्य, ही दोन गमके सांभाळली तर मनगटावरील यंत्राची गरज उरत नाही.

ही कसोटी लावल्यावर जो वेग निघाला तो पाहून आम्ही खजील झालो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरुवात केली तेव्हा एका मिनिटाच्या मंद धावण्यातच तोंड उघडत असे. रस्त्याने चालणारे आजोबा आमच्या बरोबरीने येत. शिवाय छोट्या गावात वैद्य धावताना दिसणे ही साधी गोष्ट नाही. पहिल्या आठवड्यात चौघांनी थांबवून विचारले, “डॉक्टर, कोणाकडं निघालाय? सिरियस आहे का कोण?” एकाने तर आग्रहाने गाडीवर बसवून घेतले आणि कोठे सोडू असे विचारले. तेव्हापासून आम्ही गळ्यात मफलर न घालता टोपी घालतो; त्यामुळे आपत्कालीन व्हिजिट नसावी असा लोकांचा समज होतो.

क्रमासाठी आम्ही पादांशिक क्रमाचा आधार घेतला. योगायोग असा की तो व्यायामाच्याच अध्यायात आहे. अहितकर सवय एकदम न सोडता पादापादाने सोडावी व हितकर तशीच पादापादाने धरावी, हे ते सूत्र. संहितेत धावण्यासाठी असा क्रम सांगितलेला नाही, हे स्पष्ट करतो. ही आमची योजना आहे व तिच्या दोषांची जबाबदारी आमची. एकूण वीस मिनिटे धरली. ती चार-चार मिनिटांच्या पाच आवर्तनांत विभागली. पहिल्या पादात प्रत्येक आवर्तनात एक मिनिट धावणे, तीन मिनिटे चालणे. दुसऱ्यात दोन आणि दोन. तिसऱ्यात तीन आणि एक. चौथ्यात सलग. प्रत्येक पाद तीन आठवडे टिकवला. मूळ क्रमातील दिवसांच्या अंतराऐवजी आम्ही आठवडे घेतले, कारण जीर्ण पथ्यापथ्य बदलताना अग्नी जितक्या लवकर जुळवून घेतो तितक्या लवकर कंडरा घेत नाहीत.

तिसऱ्या पादात शिरताना नडगीच्या आतल्या बाजूस दुखू लागले. पूर्वीचे आम्ही ते पळूनच मोकळे केले असते. या वेळी एक पाद मागे आलो, दोन आठवडे तेथेच राहिलो. बारा आठवड्यांचा क्रम त्यामुळे पंधरा आठवड्यांचा झाला. कोणाचे काही बिघडले नाही.

नित्य करावे की दिवसाआड, याबद्दल वैद्यमित्रांशी बराच वाद झाला. सुश्रुताचा निर्देश प्रतिदिन व्यायामाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु व्यायाम म्हणजे केवळ धावणे नव्हे. आम्ही आठवड्यातून तीन दिवस धावतो, उरलेल्या दिवशी घरी बारा सूर्यनमस्कार आणि जवळच्या व्हिजिटा पायी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रम सुचवले आणि ते सलग दहा मिनिटांचेच असावेत ही जुनी अट काढून टाकली. ज्याच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्याला या दुसऱ्या भागाचे मोल अधिक कळेल.

खरी अडचण पायांत नव्हती, रात्रीच्या जेवणात होती. पहाटे उठताना आदल्या रात्रीचे अन्न पचले की नाही हे पाहावे, अशी अष्टांगसंग्रहाची सूचना आहे, आणि अजीर्णात व्यायाम वर्ज्य आहे. नऊला दवाखाना बंद करून दहाला जेवणाऱ्याने साडेपाचला धावावयास निघणे म्हणजे अपक्व आहार पोटात घेऊन निघणे होय. पहिल्या महिन्यात कित्येक सकाळी उद्गारशुद्धी नसे, अंग जड असे, आणि आम्ही बूट घालून पुन्हा काढून ठेवत असू. शेवटी घरून भाकरी-भाजीचा डबा दवाखान्यात येऊ लागला व सात वाजता, दोन रुग्णांच्या मध्ये, दार लोटून दहा मिनिटांत जेवण होऊ लागले. रुग्णांनी ते स्वीकारले. झोप साडेदहाला. दूरदर्शनवरील बातम्या सुटल्या, त्याने रक्तदाबास काही अपाय झाला असे वाटत नाही. शिरवळच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे आमचे रुग्ण मात्र असे करू शकत नाहीत. रात्रपाळी करून सकाळी उतरणाऱ्यास आम्ही आता धावण्याचा सल्ला देत नाही. आधी झोप, मग सायंकाळी, जेवणापूर्वी चालणे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावातून येणारी पन्नाशीची एक बाई गुडघे आणि कंबर घेऊन दवाखान्यात आली. आम्ही नव्या उत्साहात होतो. औषध दिले आणि रोज अर्धा तास भरभर चालावयास सांगितले. ती हसली. म्हणाली, “डॉक्टर, चाला म्हणताय व्हय? मग दिसभर मी काय करती?” विहिरीवरून पाणी, रानातून जळण, भातलावणीत दिवसभर वाकून उभे राहणे, असा तिचा दिवस तिने मोजून दाखवला. आमच्या पूर्ण वीस मिनिटांचे माप तिच्या पहिल्या घागरीतच संपत होते.

सुश्रुत व वाग्भट यांच्या व्याख्येप्रमाणे शरीरास आयास देणारे कर्म तो व्यायाम. त्या मापाने ती दिवसभर व्यायामच करीत होती. चरकाने मात्र आणखी दोन गोष्टी घातल्या आहेत : ती चेष्टा इष्ट असावी, आणि तिचे प्रयोजन स्थैर्य व बलवर्धन हे असावे. घागर वाहणे तिला इष्ट नव्हते आणि त्याचे प्रयोजन घरात पाणी असणे हे होते. उलट, व्यायाम वर्ज्य असलेल्यांच्या यादीत भार वाहून व वाट चालून कृश झालेल्यांचा समावेश आहे. तिला आम्ही व्यायाम नव्हे, विश्रांती लिहून द्यावयास हवी होती. स्निग्ध आहार, जानुबस्ती, आणि बसल्या बसल्या मांडीच्या स्नायूंना बळ देणाऱ्या दोन क्रिया. पुढच्या खेपेस तेच दिले. जळणाचा भारा निदान मुलाने आणावा हे सांगण्यासाठी मुलाला बोलावून घेतले. तो आला, ऐकून घेतले, मोबाईल पाहत निघून गेला. त्याने भारा आणला की नाही ते कळलेले नाही.

त्या रात्री हा प्रसंग घरी सांगितला. आमच्या सौ. माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. शाळेत असताना त्या खो-खो खेळत; तालुक्याच्या संघात होत्या. दुसऱ्या अपत्यानंतर त्यांनीही काही केलेले नव्हते, आणि ही गोष्ट त्या क्षणापर्यंत आमच्या ध्यानी आली नव्हती. त्या इतकेच म्हणाल्या, “तुमची अर्धी शक्ती कुठून येते ते पाहिलंय का? तुम्ही धावायला जाता तेव्हा मी दोघांचे डबे करते. तुमचा व्यायाम माझ्या झोपेतून होतो.”

यास उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून वाटणी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या. जो घरी असेल त्याने डबे करावयाचे. आमच्या पोळ्यांबद्दल मुलाने पहिल्या आठवड्यात काही विधाने केली, ती येथे देत नाही. आता पोळ्या गोल होत नसल्या तरी डब्यात मावतात. सौ. शाळेतील दोन सहकारी शिक्षिकांबरोबर राजवाड्याच्या बाजूने धावतात. उच्च स्वरात फार बोलणाऱ्यांनीही व्यायाम टाळावा असे त्याच यादीत आहे, हे आम्ही विनोदाने त्यांना दाखवले. तो विनोद फारसा पसंत पडला नाही. पुष्कळ घरांत ‘वेळ नाही’ या तक्रारीचा अर्थ वेळ दुसऱ्याच्या नावावर आहे असा असतो, हे आम्ही आता रुग्णांनाही विचारतो : तुम्ही धावावयास जाल तेव्हा घरातले कोणते काम कोण करील? हा प्रश्न चिठ्ठीवरील शेवटच्या ओळीच्या आधी विचारावा, असे वैद्यबांधवांना सुचवावेसे वाटते. दोघेही नोकरी करणाऱ्या दांपत्यांना तर तो समोरासमोर बसवून विचारावा.

काही सावधगिरीच्या गोष्टी. चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या, किंवा कुटुंबात हृद्रोग, पक्षाघात असलेल्या माणसास धावण्याची अनुमती देण्यापूर्वी हृदयाचा विद्युत् आलेख आणि आवश्यक वाटल्यास श्रमचाचणी करवून घ्यावी. नाडीवर बोटे ठेवून हृद्धमनीतील अवरोध कळतो, असा दावा आपण करू नये. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी आम्ही स्वतः ही तपासणी केली नव्हती. फाटली ती पोटरी, हे आमचे दैव. दुसऱ्या खेपेस पुण्यास जाऊन तपासणी केली, अहवाल निर्दोष आला, आणि तेथील तज्ज्ञांनी रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. ती आजही चालू आहे. काही मित्रांच्या भुवया यामुळे उंचावतील. त्यांना आमचा नम्र निरोप असा की वडिलांचा उजवा हात आम्ही नऊ वर्षे पाहिलेला आहे. धावण्याने रक्तदाब बरा झाला असे आम्ही लिहिणार नाही. गोळी, सातचे जेवण, साडेदहाची झोप आणि धावणे यांच्या एकत्रित उपयोगाने तो गेले वर्षभर १३० च्या आसपास आहे, यातील कोणाचा वाटा किती ते सांगता येत नाही.

धावताना छातीत दडपण, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, चक्कर किंवा अवेळी दम लागल्यास थांबावे, हे प्रत्येकास लेखी द्यावे. गुडघ्यांविषयी मात्र अनाठायी भीती आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघ्याच्या वा खुब्याच्या संधिगत वाताचे प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावकांत १३.३ टक्के आढळले. आकड्यांचा हा क्रम पाहिल्यावर आम्हांस पुन्हा अर्धशक्तीच आठवली. अर्थात आधीच झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्यास हे लागू नाही. आणि धावण्यापूर्वी दहा मिनिटे पायांस, विशेषतः टाच व पोटरीस कोमट तिळतेल लावून ठेवण्याचा आमचा परिपाठ आहे. अंग अजिबात आखडत नाही.

ऋतूचा विचार शेवटी करावा लागला. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य म्हटला आहे. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही पहिल्या पादावर उतरलो व सूर्योदयापूर्वी परतलो. वर्षा ऋतूतही आयास टाळावा असे सांगितले आहे. सुश्रुत सर्व ऋतूंत अर्धबलाने व्यायाम करावयास सांगतो, परंतु भोरच्या आषाढात रस्ता कोठे संपतो आणि ओढा कोठे सुरू होतो हे पहाटे दिसत नाही, तेव्हा वाग्भटाचे ऐकणेच सोयीचे पडले. जुलै-ऑगस्टमध्ये घरातच सूर्यनमस्कार केले. सौ. थांबल्या नाहीत, शाळेच्या लांब व्हरांड्यात त्या आणि त्यांच्या मैत्रिणी फेऱ्या मारीत राहिल्या.

आश्विनात भातखाचरे पिवळी पडू लागली तेव्हा आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो. मनात चौथा पाद होता. बूट बांधताना पोटरीकडे पाहिले आणि दुसऱ्या पादापासून आरंभ केला, दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. चालण्याच्या दुसऱ्या आवर्तनात समोरून कापूरहोळकडे जाणारी पहिली एस.टी. आली. चालक आमचा जुना रुग्ण, मधुमेहाचा. त्याने वेग कमी करून खिडकीतून ओरडून विचारले, “डॉक्टर, किती झाले?” आम्ही पूर्ण वाक्यात उत्तर देऊ शकलो.